दुधी काचेची नऊ वर्षे

दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला दुधी काचेचे दार असते. बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहत आपण त्या दाराकडे डोळे लावून बसतो. आत कोणी उठले, कोणी बसले, दिवा लागला, एवढे कळते. पण उठले ते कोण आणि बसले ते कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. दाखवावे आणि लपवावेही, असा दुहेरी धर्म ती काच मुकाट्याने पाळत असते. दिवाळीतला आपला आकाशकंदील तरी दुसरे काय करतो? नुसता बल्ब टांगला तर डोळ्यांत खुपतो. भोवती पतंगी कागद आला की तोच उजेड मऊ होऊन साऱ्या गॅलरीभर पसरतो.

अशीच एक दुधी काच गेल्या काही वर्षांत आपल्या हातातल्या मोबाईलमध्ये आणि टेबलावरच्या संगणकात येऊन बसली आहे. एखादी वेबसाइट उघडा आणि मजकूर बोटाने वर सरकवा. माथ्यावरची पट्टी जागची हलत नाही. मजकूर आणि चित्रे तिच्याखालून जातात, आणि जाता जाता धुक्यात शिरल्यासारखी पुसट होतात. पट्टीपलीकडे काहीतरी आहे हे कळते, काय आहे ते कळत नाही. रोज शंभरदा आपण हे पाहतो आणि एकदाही त्याचा विचार करीत नाही.

मलाही तो करावा लागला तो आईमुळे. आई ब्याऐंशी वर्षांची. गेल्या मे महिन्यात ती एका वेबसाइटवर यात्रेसाठी स्वतःचे नाव स्वतः नोंदवीत होती. निम्मा अर्ज भरून झाला आणि मध्येच एक चौकट वर आली. चौकटीतली अक्षरे पांढरी, तिच्यामागचे पानही पांढुरके, आणि दोहोंमध्ये ही धुरकट काच. आईने पदराने मोबाईल पुसला. मग चष्मा पुसला. मग पुन्हा मोबाईल पुसला.

सुटीला आलेली भाची हे पाहत होती. ती म्हणाली, "आजी, ती काच पुसून स्वच्छ व्हायची नाही. ती आतून लावलेली आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि मामा, तुम्हांला खरे वाटणार नाही, पण ही काच सगळ्या ब्राउझरांत सारखी बसायला नऊ वर्षे लागली."

नऊ वर्षे! तेवढ्यात मूल पहिलीतून दहावीला पोचते. एक चित्र पुसट करायला नऊ वर्षे? भाची पुण्याला संगणकाच्याच कामात आहे आणि ब्राउझर बनविणाऱ्यांत तिची ऊठबस आहे. दोन संध्याकाळी चहा घेता घेता तिने मला जे सांगितले, आणि पुढे मी स्वतः जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवतो.

एक संहिता, तीन नाटक मंडळ्या

वेबसाइटचा मजकूर म्हणजे नाटकाची संहिता असे समजा. ती कशी दिसावी, कोणते अक्षर केवढे, कोणता रंग, कोठे सावली, या सूचना निराळ्या लिहिलेल्या असतात. त्या सूचनांच्या भाषेचे नाव सीएसएस. टिम बर्नर्स-ली यांनी ज्या सर्न संस्थेत वेबला जन्म दिला, तेथेच काम करणाऱ्या होकोन विउम ली या नॉर्वेजियन तरुणाने १९९४ च्या ऑक्टोबरात या भाषेचा पहिला प्रस्ताव मांडला. बर्ट बॉस हा डच तरुण त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती अधिकृत झाली.

सूचना लिहिल्या म्हणून नाटक उभे राहत नाही. ते उभे करणारी मंडळी लागते. ही मंडळी म्हणजे ब्राउझर. आज अशा तीन मोठ्या मंडळ्या आहेत. क्रोम आणि एज यांच्या पोटात ब्लिंक नावाचे यंत्र चालते, सफारीच्या पोटात वेबकिट आणि फायरफॉक्सच्या पोटात गेको. संहिता एकच, पण तालमी तीन ठिकाणी, आणि प्रेक्षकाला तिन्हीकडे तेच नाटक दिसले पाहिजे असा आग्रह!

या भाषेत पहिल्यापासून एक शहाणपणाचा नियम आहे. ब्राउझरला एखादी सूचना कळली नाही, तर त्याने आरडाओरडा न करता ती सोडून द्यावी आणि पुढची वाचावी. या एका नियमामुळे जुना ब्राउझर नव्या पानावर कोलमडत नाही. सावली येणार नाही, काच दिसणार नाही, पण मजकूर वाचता येईल. नवी गोष्ट आणण्याचे धाडस करता येते ते या आधारावर.

आपल्या दुधी काचेच्या सूचनेचे नाव आहे 'बॅकड्रॉप-फिल्टर'. बॅकड्रॉप म्हणजे रंगभूमीवरचा मागचा रंगवलेला पडदा. राजवाडा, अरण्य, रस्ता असे पडदे ज्यांनी संगीत नाटकांत पाहिले आहेत, त्यांना शब्द समजावून सांगायला नको. या पडद्यापुढे काच धरायची आणि काचेतून दिसेल तेवढाच पडदा धूसर करायचा, एवढेच काम.

पहिली काच

संगणकाच्या पडद्यावर काच दिसू लागली ती वेबच्या आधी. २००७ साली मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा बाजारात आणला, तेव्हा त्यातल्या चौकटींच्या कडा धुरकट काचेच्या होत्या. २०१३ मध्ये अॅपलच्या आयफोनने आयओएस ७ बरोबर ही काच घराघरात नेली. साहजिकच वेबसाइट करणारेही म्हणू लागले, की आम्हांलाही ती हवी.

२०१५ मध्ये सफारीने पहिल्यांदा ती दिली, पण नावामागे 'वेबकिट' ही उपाधी लावून. या उपाधीची कथा ऐकण्याजोगी आहे. कच्ची, प्रयोगातली सूचना असेल तर प्रत्येक मंडळीने तिला आपल्या घराण्याचे नाव लावावे, म्हणजे 'हे अजून पक्के नाही' असे सर्वांना कळेल, अशी पूर्वी पद्धत होती. हेतू चांगला होता. परंतु वेबसाइटवाल्यांना धीर कोठला! त्यांनी कच्च्या सूचनाच पक्क्या समजून वापरल्या, आणि तेही बहुधा एकट्या वेबकिटच्या नावाने. परिणामी दुसऱ्या ब्राउझरांत तीच पाने ओकीबोकी दिसू लागली. अखेर २०१२ साली ओपेरा या ब्राउझरने हात टेकले आणि वेबकिटच्या नावाने लिहिलेल्या काही सूचना आपणही पाळू असे जाहीर केले. दुसऱ्याच्या नावाची पाटी आपल्या दारावर लावण्यासारखेच हे! २०१६ मध्ये फायरफॉक्सलाही तेच करावे लागले.

यातून धडा घेऊन क्रोमवाल्यांनी २०१३ मध्ये ठरविले, की यापुढे उपाधी नको. नवी सूचना आत एका बंद कळीमागे ठेवायची. ज्याला प्रयोग करायचा असेल त्याने ती कळ स्वतः दाबावी. घरोघरी ती आपोआप चालू व्हायची असेल तर आधी तसा जाहीर इरादा कळवावा लागतो आणि जबाबदार मंडळींपैकी तिघांची संमती मिळवावी लागते. काच क्रोममध्ये अशा बंद कळीमागे २०१५ च्या सुमारास येऊन बसली. ती सर्वांसाठी खुली झाली २०१९ च्या जुलैत. मधली वर्षे गेली कोठे?

गाउसचा हिशेब

प्रथम हिशेबाची गोष्ट घेऊ. पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी. ती पुसट करायची तर प्रत्येक ठिपक्याने आपला रंग सोडून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रंगांची सरासरी घ्यायची. जवळच्या शेजाऱ्याला मान जास्त, लांबच्याला कमी. हा मान किती द्यावा हे ज्या घंटेसारख्या वक्ररेषेने ठरते, तिला जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस याचे नाव आहे. युरो येण्यापूर्वी जर्मनीत चालणाऱ्या दहा मार्कांच्या नोटेवर गाउसचे चित्र होते आणि शेजारी ही वक्ररेषाही होती.

आता एक पट्टी घ्या, हजार ठिपके रुंद आणि शंभर ठिपके उंच. झाले एक लाख ठिपके. प्रत्येकाने चहूबाजूंच्या वीस-वीस ठिपक्यांपर्यंत विचारपूस करायची म्हटली, तर ४१ गुणिले ४१, म्हणजे १,६८१ ठिकाणी जावे लागेल. एका चित्राला १६ कोटी ८१ लाख फेऱ्या! मजकूर सरकताना तो गुळगुळीत दिसावा म्हणून सेकंदाला साठ चित्रे काढावी लागतात. म्हणजे सेकंदाला हजार कोटींहून अधिक फेऱ्या, आणि त्याही केवळ एका पट्टीसाठी. एवढ्यात बिचाऱ्या मोबाईलची बॅटरी टेकीला यायची.

येथे गणिताने हात दिला. गाउसच्या रेषेचा एक गुण असा, की आधी नुसती आडवी सरासरी काढली आणि मग त्या उत्तरांची उभी काढली, तरी उत्तर तेच येते. मग १,६८१ फेऱ्यांऐवजी ४१ अधिक ४१, अशा ८२ पुरतात. हजार कोटींचे पन्नास कोटींहून कमी झाले. शिवाय चित्र आधी लहान करून घ्यायचे, लहानच धूसर करायचे आणि मग ताणून मोठे करायचे, अशीही युक्ती आहे. मुळात धूसरच करायचे असल्याने ताणल्याचे डोळ्याला कळत नाही. काटकसरी गृहिणीला या युक्त्यांचे नवल वाटू नये.

'मागे' म्हणजे नक्की काय?

हिशेब सुटला, पण प्रश्न सुटला नाही. "खरी डोकेदुखी गणिताची नव्हती, मामा. ती एका शब्दाची होती," भाची म्हणाली. काचेने आपल्या मागचे धूसर करायचे, हे ठरले. पण मागे म्हणजे कोठपर्यंत?

तिने आमच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटाकडे बोट दाखविले. कपाटाचे दार रंगीत काचेचे आहे. आत एका चौकटीला दुधी काच आहे. आतल्या दुधी काचेने केवळ कपाटातली कपबशी धूसर करायची, की कपाटापलीकडची भिंतसुद्धा? भिंतही करायची म्हटली, तर ती भिंत आधी आतल्या काचेत धूसर होऊन येणार, आणि मग बाहेरच्या अर्धवट पारदर्शक दारातून मूळ रूपातही दिसणार. एकाच भिंतीची दोन चित्रे एकमेकांवर! ब्राउझरमध्ये नेमके हेच होत होते. अर्धपारदर्शक चौकटीत काच ठेवली की मागचा मजकूर दोनदा उमटायचा.

यावर बराच खल होऊन एक हद्द ठरविण्यात आली. काचेला बाहेरून वेढणारी, अर्धपारदर्शक किंवा फिल्टर लावलेली सर्वांत जवळची चौकट ही काचेची सीमा. त्या सीमेच्या आतले जे काही काचेमागे असेल तेवढेच तिने पाहायचे. पलीकडचे पाहायचे नाही. नियम ऐकायला सोपा वाटतो. पण काचेत काच ठेवणाऱ्यांना तो अजून चकवतो. आतली काच धूसर का होत नाही म्हणून ते तासन् तास डोके धरून बसतात.

दुसरी कटकट काठाची. काचेच्या अगदी कडेच्या ठिपक्याला एका बाजूला शेजारीच नाही. त्याने सरासरी कोणाची काढावी? काचेबाहेर डोकावू दिले तर बाहेरचा लालभडक रंग आत झिरपतो आणि खरी काच वाटत नाही. कडेचाच ठिपका पुन्हा पुन्हा मोजला, तर मजकूर सरकताना कडेशी एखादी उजळ ओळ आली की सारी पट्टी एकदम लखलखते. शेवटी तोडगा निघाला आरशाचा. कडेशी आरसा उभा केला आहे असे मानायचे आणि आतल्याच ठिपक्यांचे प्रतिबिंब मोजायचे. क्रोममध्ये हा आरसा बसला २०२४ च्या सप्टेंबरात. काच खुली झाल्यावर पाच वर्षांनी!

काचेला कान असतात

वाचक म्हणतील, एवढ्याशा कडेसाठी ही नसती उठाठेव कशाला? जरा थोडा धुरकटपणा कमीजास्त झाला तर कोणाचे काय बिघडले? कधी कधी पुष्कळ बिघडते.

आपण पूर्वी उघडलेल्या दुव्याचा रंग बदलतो, हे आपणांस ठाऊक आहे. निळ्याचा जांभळा होतो. ही निव्वळ सोय होती. परंतु कोणी लबाड वेबसाइट आपल्या पानात हजार दुवे लपवून ठेवून त्यांचे रंग ब्राउझरला विचारू लागली, तर आपण कोणकोणत्या दारी जाऊन आलो हे तिला समजत असे. कोणाचा आजार, कोणाची कर्जाची विवंचना, सारे उघड. २०१० मध्ये मोझिलाच्या डेव्हिड बॅरन यांनी यावर उपाय सुचविला. तेव्हापासून ब्राउझर या एका बाबतीत चक्क खोटे बोलतो. पडद्यावर दुवा जांभळा दाखवतो, पण वेबसाइटने विचारले की "निळाच आहे" असे सांगतो.

२०१३ मध्ये पॉल स्टोन या संशोधकाने आणखी एक पेच दाखविला. फिल्टर लावायला ब्राउझरला लागणारा वेळ जर खालच्या रंगावर अवलंबून असेल, तर केवळ घड्याळ लावून तो रंग ओळखता येतो. दार बंद असले तरी आत किती वेळ भांडी वाजतात यावरून किती माणसे जेवली हे शेजारणीने ओळखावे, तसे. २०१८ साली दोन संशोधकांनी याच जातीचे प्रकरण उघड केले. दोन थरांचे रंग एकमेकांत मिसळण्याची एक नवी, शोभेची सूचना ब्राउझरांत आली होती. तिच्या वेळेचा हिशेब ठेवून दुसऱ्या वेबसाइटचे लपवलेले तुकडे ठिपक्या-ठिपक्याने वाचता येत होते. माणसाचे नाव आणि छायाचित्रसुद्धा! क्रोम आणि फायरफॉक्स यांनी ही फट बुजविली.

म्हणून शोभेची कोणतीही नवी सूचना आली की आता आधी हा प्रश्न विचारला जातो. काळ्या ठिपक्याला आणि पांढऱ्या ठिपक्याला सारखाच वेळ लागतो ना? हे ऐकल्यावर मात्र नऊ वर्षांबद्दलचे माझे हसू मावळले.

शेवटची मंडळी

फायरफॉक्सपुढे अडचण निराळी होती. त्याची चित्र काढण्याची जुनी यंत्रणा या कामाला पुरी पडणारी नव्हती. त्याच सुमारास वेबरेंडर नावाची नवी यंत्रणा तयार होत होती. ती सारे पान चित्रांसाठीच बनविलेल्या वेगळ्या चिपकडून काढून घेते. २०१९ पासून ती टप्प्याटप्प्याने घरोघरी पोचली. घर नव्याने बांधून होईपर्यंत खिडकीची काच थांबली. अखेर २०२२ च्या जुलैत फायरफॉक्सच्या १०३ व्या आवृत्तीत ती सर्वांना दिसू लागली.

तिन्ही मंडळ्यांची काच एकसारखी आहे हे पाहण्यासाठी परीक्षाही सामायिक असते. दोन पाने करतात. एकात नवी सूचना वापरतात, दुसऱ्यात तेच चित्र जुन्या, खात्रीच्या साधनांनी काढतात. मग दोन्ही चित्रे ठिपक्याला ठिपका लावून ताडतात. यंत्रायंत्रांत रंगाचा केसभर फरक पडतो, म्हणून तेवढी सूट देतात, त्यापुढे नापास. अशा परीक्षा सर्वांसाठी खुल्या आहेत आणि कोणीही नवी प्रश्नपत्रिका काढून धाडू शकतो. भाचीनेही काही धाडल्या आहेत. एक तिच्या अक्षरजोडणीबद्दलच्या तक्रारीतून निघाली. मराठी अक्षरांत मध्ये मोकळी जागा सोडण्याची सूचना दिली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रोमन अक्षरांपुरता विचार करून केलेली शोभा देवनागरीला कशी मारक ठरते, हे आपल्याखेरीज कोण सांगणार?

सप्टेंबर २०२४ मध्ये सफारीने आपली जुनी उपाधी सोडून काचेचे साधे नाव स्वीकारले. २०१५ ते २०२४. नऊ वर्षे पुरी झाली.

पदराने न पुसणारी काच

आणि तरीही आमच्या आईला अक्षर दिसले नाही, ते का?

कारण ब्राउझर काच देतो. ती कोठे आणि केवढी लावावी हे वेबसाइट करणारा ठरवितो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान साडेचारास एक इतके अंतर असावे, असा वेबच्या सुगम्यतेचा दंडक २००८ पासून लिहून ठेवलेला आहे. पण काचेमागे काय येईल हे आधी कोण सांगणार? करणाऱ्याने आपल्या टेबलावर गडद चित्र ठेवून पाहिले, त्याला पांढरे अक्षर सुरेख दिसले. आईच्या हाती आले तेव्हा मागे पांढरा अर्ज होता. २०२५ मध्ये अॅपलने आपल्या फोनांना नवी, आणखी पारदर्शक काच बसविली, तेव्हाही वाचता येत नाही अशी ओरड झाली, आणि काही आठवड्यांतच काच दाट करण्याची सोय द्यावी लागली.

"मला पारदर्शकपणा कमी हवा" असे माणसाने आपल्या यंत्राला एकदा सांगून ठेवावे आणि वेबसाइटने ते ओळखून काच काढून टाकावी, अशीही सूचना आहे. क्रोममध्ये ती २०२३ साली आली. पण तीही वेबसाइटवाल्याने लिहिली तरच उपयोगाची.

हे सारे भाची आजीला समजावून सांगत होती. गाउस, आरसा, कपाटातली काच, चोर, घड्याळ, सारे. आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली,

"एवढी हुशार माणसं नऊ वर्षं खपली म्हणतेस. मग त्या अर्जवाल्याला अक्षर जरा ठळक काढायला काय झालं होतं?"

भाची काही बोलली नाही. तिने चौकटीतली अक्षरे आजीला वाचून दाखविली, अर्ज पुरा करून दिला, आणि मग आपला संगणक उघडून त्या वेबसाइटवाल्यांना पत्र लिहायला घेतले. पत्र लांबलचक नव्हते. काचेमागे एक पांढरा थर दाट करा, अक्षर काळे करा, एवढेच. खाली तिने आजीचे वय लिहिले.